कुटुंबवत्सल पापानिकोलाऊ : एका ग्रीक जोडप्याची केस

केस थोडक्यात अशी. ऑक्टोबर 1913, न्यूयॉर्कच्या बंदरात एक ग्रीक जोडपं उतरतं. नवरा तिशीचा, अथेन्सची डॉक्टरकी आणि वर जर्मनीतली पीएचडी, बायको लष्करी अधिकाऱ्याच्या घरातली, फ्रेंच येतं पण इंग्रजी धड दोघांनाही येत नाही, जवळ पैसे किती तर देशात शिरताना दाखवावे लागायचे त्याच्या जरासे वर, म्हणजे अडीचशे डॉलरच्या आसपास. आणि पुढे जगभरात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी जी पॅप टेस्ट होऊ लागली ती या दोघांच्या घरातून निघाली. घरातून हे मी मुद्दाम म्हणतेय. सगळे लॅबमधून म्हणतात आणि ते खोटं नाहीये, पण मी स्वतः सायटोलॉजीत, म्हणजे पेशी तपासायच्या लॅबमध्ये, स्लाईड रंगवायचं आणि प्राथमिक बघायचं काम करते, आणि त्या कामातून बघितलं तर ही केस मला आधी संसाराची वाटते आणि मग विज्ञानाची. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

माणसाचं नाव योर्गोस पापानिकोलाऊ, अमेरिकेत गेल्यावर जॉर्ज. जन्म 13 मे 1883, एव्हिया बेटावरचं कीमी नावाचं गाव. बाप डॉक्टर, गावात वजन असलेला माणूस, मुलानं पण डॉक्टर व्हावं, सैन्यात नाहीतर गावात नीट मार्गाला लागावं ही सरळ इच्छा. मुलगा डॉक्टर झाला 1904 ला, पण प्रॅक्टिसमध्ये जीव रमेना. मग जर्मनी, आधी येना मग फ्रायबुर्ग मग म्युनिक, तिथे 1910 ला पीएचडी, विषय काय तर पाण्यातल्या पिसवेएवढ्या डॅफ्निया नावाच्या जीवामध्ये नर-मादी कशावरून ठरतं. बापाला काय वाटलं असेल विचार करा. आपल्याकडे एमबीबीएस झालेला पोरगा क्लिनिक न टाकता किडे बघत बसला तर घरात काय होईल तेच. बापाला लिहिलेल्या पत्रांत त्याचा सूर साधारण असा की मला श्रीमंत व्हायचं नाही, सुखात राहायचं असंही नाही, काहीतरी निर्माण करायचंय. असली पत्रं वाचून कुठल्या बापाचं समाधान होतं.

त्याच वर्षी लग्न, बायको अँड्रोमाकी माव्रोयेनी, पुढे सगळे मेरी म्हणायला लागले. लग्नानंतर दोघं मोनॅकोला, तिथल्या राजाच्या समुद्र-संशोधनाच्या जहाजावर नोकरी. मग त्याची आई गेली म्हणून परत ग्रीस, मग 1912 चं बाल्कन युद्ध, त्यात डॉक्टर म्हणून हजर. तिथे त्याला अमेरिकेतून लढायला आलेले ग्रीक स्वयंसेवक भेटले आणि त्यांच्याकडून ऐकलं की तिकडे गेलं की काहीतरी होतं. झालं, निघाले.

तिकडे गेल्यावर आधी काही झालं नाही. गिंबल्स नावाचं मोठं दुकान होतं न्यूयॉर्कात, तिथे मेरी कपड्यांना बटणं शिवायला लागली आणि पीएचडीवाले डॉक्टरसाहेब गालिचे विकायला. गालिच्याची नोकरी एक दिवस टिकली. त्या एका दिवसात नेमकं मोनॅकोच्या दिवसांतलं ओळखीचं कोणीतरी दुकानात आलं, आणि साहेबांना इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून बंद. मेरीची बटणं चालूच राहिली, आठवड्याला पाच डॉलर. ही गोष्ट सगळीकडे गमतीनं सांगतात, मला त्यात पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशा दिसतो. त्याला लाज परवडली कारण तिला परवडली नाही. नंतर त्यानं हॉटेलात व्हायोलिन वाजवलं, ग्रीक पेपरात कारकुनी केली, हे पण खरं, अगदी ऐतखाऊ नव्हता.

वर्षभराच्या आत त्याचं जमलं. थॉमस हंट मॉर्गन हे नाव जेनेटिक्स शिकलेल्यांना माहीत असेल, फळमाश्यांवर काम करणारे, त्यांना याचं जर्मनीतलं काम माहीत होतं, त्यांच्या शब्दावर आत शिरकाव झाला आणि 1914 ला कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमीत चार्ल्स स्टॉकार्डच्या हाताखाली काम मिळालं. मेरी पण तिथेच आली, टेक्निशियन म्हणून, बिनपगारी. स्लाईड धुणं, लावणं, मांडून ठेवणं, आणि घर ते वेगळंच.

आता गिनीपिग. स्टॉकार्डचा अभ्यास होता दारूचा पिल्लांवर काय परिणाम होतो याचा. पापानिकोलाऊला मादीची अंडी नेमक्या वेळेला हवी होती, आणि ती वेळ कळायची कशी तर जनावर मारून बघायचं, चुकलं तर दुसरं मारायचं. त्यानं विचार केला की बाईला पाळी येते तर इतर माद्यांमध्येही काहीतरी खूण असणारच, बाहेर दिसत नाही एवढंच. नाक तपासायचं सगळ्यात छोटं स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायला उघडून धरायचं साधन, आणलं, त्यानं गिनीपिगची योनी तपासली, रक्त वगैरे काही नाही. पण जो थोडा ओलावा मिळाला तो काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशी दर दिवशी वेगळ्या, आणि चक्र संपलं की परत पहिल्यापासून. 1917 ला स्टॉकार्ड आणि त्याच्या नावानं हे छापून आलं. जनावर न मारता चक्र कळायला लागलं म्हणून पुढे हॉर्मोनवाल्यांनी ही पद्धत उचलली, 1923 ला ॲलन आणि डॉइझी यांनी इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनचा माग काढला तो याच तऱ्हेच्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या नमुन्यावर.

मग प्रश्न आला बाईचा. गिनीपिगचं जमलं, बाईचं असंच दिसतं का? त्यासाठी बाई पाहिजे, आणि रोज पाहिजे. एकदा येऊन गेलेली पेशंट उपयोगाची नाही, कारण आजची स्लाईड कालच्या स्लाईडशेजारी ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही. 1920 च्या सुमारास त्यानं माणसांवर काम सुरू केलं तेव्हा रोज हजर असलेली बाई एकच होती.

मेरीनं रोज स्मिअर दिला. 21 वर्षं.

हे वाक्य सगळ्या लेखांमध्ये एका ओळीत येतं, 'पत्नीनेही मोलाची साथ दिली' च्या चालीवर, आणि पुढे जातात. मी इथे थांबणार आहे, कारण त्या स्लाईडवर काय दिसतं ते मला माहीत आहे. पॅपच्या रंगात केंद्रक निळंजांभळं होतं, ते हिमॅटॉक्सिलिन नावाच्या रंगाचं काम. बाकीची पेशी दोन रंगांत विभागते, पिकलेल्या वरच्या थराच्या पेशी गुलाबी-केशरी, त्याखालच्या थराच्या निळ्या-हिरव्या. पाळी संपल्यावर इस्ट्रोजेन चढायला लागतं तशा गुलाबी पेशी वाढत जातात, मोठ्या, चपट्या, सुट्या सुट्या, मधे केंद्रक टाचणीच्या टोकाएवढं. अंडं सुटलं की चित्र फिरतं, हिरवट पेशी जास्त, कडा दुमडलेल्या, घोळक्यानं पडलेल्या. पाळीच्या आधी सगळी स्लाईड मळकट, पेशी फाटलेल्या. हे आम्ही पुस्तकात वाचून दोन महिन्यांत शिकतो. त्याच्यासमोर पुस्तक नव्हतं, तो एका बाईचे महिन्यामागून महिने बघत होता, तिच्या आजारपणातले, थकव्यातले, वय वाढत गेलं तसे, आणि त्यातून त्याच्या डोळ्यात 'नॉर्मल' बसलं. हे बसल्याशिवाय कॅन्सरची पेशी ओळखता येत नाही हो. केंद्रक मोठं झालंय म्हणायचं तर कशापेक्षा मोठं? आमच्याकडे नवीन मुलंमुली लागतात त्यांची पहिली घाई असते कॅन्सर बघायची, सिनिअर लोक त्यांना आधी नुसत्या नॉर्मल स्लाईडी बघायला बसवतात, कंटाळा येईपर्यंत. पापानिकोलाऊची नॉर्मल स्लाईडींची पेटी म्हणजे त्याची बायको होती.

असंही सांगतात की मेरीनं मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांनाही सॅम्पल द्यायला तयार केलं, त्यातल्या एकीला पुढे कॅन्सर निघाला. आज कुठल्या एथिक्स कमिटीसमोर हे ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. नवरा संशोधक, बायको बिनपगारी स्टाफ, तीच प्रयोगाची व्यक्ती, आणि चहापाण्याला आलेल्या मैत्रिणी व्हॉलंटियर.

नंतर न्यूयॉर्कच्या विमेन्स हॉस्पिटलात बाकीच्या बायकांचे स्मिअर बघता बघता एका स्लाईडवर कॅन्सरच्या पेशी सरळ दिसल्या. हा आपल्या कामातला सगळ्यात थरारक अनुभव होता असं तो पुढे सांगायचा. जानेवारी 1928 ला त्यानं हे मांडलं, आणि कुठे मांडलं तर मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला, वंशसुधारणेच्या परिषदेत, म्हणजे ते कॉर्नफ्लेक्सवाले डॉक्टर केलॉग होते ना त्यांच्या गावात त्यांच्याच पुढाकारानं भरलेली. काय ती जागा, काय तो विषय. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पॅथॉलॉजिस्ट लोकांचं म्हणणं सोपं होतं की गर्भपिशवीचं तोंड तर समोर दिसतं, तुकडा काढा आणि तपासा, सुट्या पेशींत काय चाचपडायचं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर अगदीच चूक नव्हतं, ज्या बाईला कॅन्सर दिसतोय तिला तुकडाच घ्यायला पाहिजे. ज्या बाईला काही होत नाहीये, जिच्या अंगावरून पांढरंसुद्धा जात नाहीये, तिच्यात शोधायचं ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. त्याच सुमारास रोमानियात ऑरेल बाबेश यांनी पण स्वतंत्रपणे असंच काम छापलं होतं, 1928 मध्येच, रोमानियन लोक अजूनही टेस्टला दोघांचं नाव लावतात आणि ते योग्यच आहे असं माझं मत.

मग दहाबारा वर्षं कॅन्सरचा विषय बाजूला, परत पाळीचं चक्र. 1939 ला स्टॉकार्ड वारले, नवे विभागप्रमुख जोसेफ हिन्सी आले, त्यांनी म्हटलं ते कॅन्सरचं काम परत काढा. गायनॅकवाले हर्बर्ट ट्राउट सोबत आले, न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये गायनॅकला दाखल होणाऱ्या बायकांचे स्मिअर घ्यायचं ठरलं. 1941 ला पेपर, 1942 ला रंगवायची पद्धत, 1943 ला पुस्तक. पुस्तकातली रंगीत चित्रं काढली हाशिमे मुरायामा या जपानी माणसानं, आणि तेव्हा अमेरिका जपानशी लढत होती. एक ग्रीक, एक जपानी, आणि अमेरिकेतल्या बायकांच्या पेशी. 1947 ला कॅनडातल्या एर यांनी लाकडी स्पॅच्युला काढला, त्यानं सॅम्पल थेट गर्भपिशवीच्या तोंडावरून खरवडून घेता येऊ लागलं. त्यानंतर मात्र टेस्ट धावत सुटली, 1950 ला लास्कर पुरस्कार, नोबेल नाही मिळालं, आणि अमेरिकेत गर्भमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत 70 टक्क्यांच्या आसपास खाली आले.

आता मूळ मुद्दा, हा माणूस कुटुंबवत्सल होता का. श्रद्धांजलीच्या भाषेत म्हणाल तर हो, एका बायकोशी अर्धशतक संसार, भांडणाची कुठली गोष्ट ऐकिवात नाही. मूल नव्हतं, कामासाठी दोघांनी ठरवून होऊ दिलं नाही असं सांगतात. सुट्टी जवळपास माहीतच नाही, रविवारी पण काम, घरी पण मायक्रोस्कोप. मेरीनं स्वतः सांगून ठेवलंय की नवऱ्याच्या मागोमाग लॅबमध्ये जाणं आणि त्याचं जगणं तेच आपलं करून घेणं याशिवाय तिच्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. काही जणांना यात प्रेम दिसतं. मला प्रेमही दिसतं आणि दुसरा रस्ता नव्हता हेही ऐकू येतं, दोन्ही एकाच वाक्यात आहेत, त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायची मला गरज वाटत नाही. तो कुटुंबवत्सल होता याचा अर्थ इथे असा होता की कुटुंब हेच त्याचं डिपार्टमेंट होतं. ग्रीसनं 1995 ला 10,000 ड्राख्माच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला, त्याचा एकट्याचा.

ही केस मला आपल्याकडे का आणावीशी वाटते, तर बार्शीमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 2000 च्या आसपास एक प्रचंड मोठा अभ्यास सुरू झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था मिळून. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट, त्यांचे चार भाग. एका भागाला एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, एकाला पॅप, एकाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि एका भागाला तपासणी नाही, नेहमीचे उपचार. प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांनी मोजलं तर तपासणी नसलेल्या भागात या कॅन्सरनं 64 मृत्यू, ॲसिडवाल्यात 56, पॅपवाल्यात 54, आणि एचपीव्हीवाल्यात 34. भाग साधारण सारख्या आकाराचे, एकतीस ते चौतीस हजारांचे. म्हणजे पॅपनं ठामपणे म्हणता येईल असा फरक पडला नाही. 2009 ला हे छापून आलं. तपासणी न केलेल्या भागावरून नंतर बराच वाद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता, त्या गावांतल्या बायकाही कुणाच्या तरी घरातल्याच होत्या.

पण पॅप का कमी पडली? अमेरिकेत चालली आणि इथे नाही, असं कसं? माझं उत्तर मेरीच्या स्लाईडींत आहे. एका पॅपमध्ये बरंच काही सुटतं, सॅम्पल नेमक्या जागेवरून येत नाही, रक्तात-पांढऱ्यात पेशी झाकल्या जातात, अल्कोहोलमध्ये टाकायच्या आधी स्लाईड वाळली की पेशी फुगून केंद्रकं उगाच मोठी दिसतात, आणि बघणाराही माणूसच असतो. या टेस्टची ताकद परत परत करण्यात आहे, अमेरिकेत बायका वर्षानुवर्षं दरवर्षी करत होत्या, एकदा सुटलं तर पुढच्या वर्षी सापडायचं, कारण हा कॅन्सर व्हायला दहापंधरा वर्षं घेतो. ही टेस्ट जन्मालाच आली रोज सॅम्पल देणाऱ्या एका बाईपासून. आयुष्यात एकदा केली तर तिच्यातला अर्धा जीव गेला.

आणि आपल्याकडे एकदासुद्धा होत नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी कधीतरी गर्भमुखाच्या कॅन्सरची तपासणी केलेल्या देशभरात 1.9 टक्के. आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, डॉक्टरांनी तीन वर्षांनी परत बोलावलं होतं म्हणून सुनेनं ओढत आणलेल्या, मला म्हणतात, "गेल्या टायमाला चांगला आलता की रिपोर्ट, परत कशाला चाचणी, पिशवी तीच हाय ना." मी म्हटलं मावशी पिशवी तीच हाय पण तीन वर्षांनी म्हातारी झाली की ती. हसल्या, पण सुनेकडे बघून म्हणाल्या हिचं पण करा मग. सुनेचं वय बत्तीस, तिचा तो पहिलाच.

परत परत केल्यानं काय होतं ते मुंबईत दिसलं. टाटाच्याच लोकांनी 1998 पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखांवर बायकांवर अभ्यास केला, निम्म्या गटांना ॲसिटिक ॲसिडची तपासणी, पण एकदाच नाही, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तपासणाऱ्या कोण, तर दहावी झालेल्या, काही आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या बायका, दारोदार जाऊन बोलावणाऱ्या. बारा वर्षांनी मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. धाराशिवमध्ये ॲसिटिक ॲसिडनं एका फेरीत जे ठामपणे दिसलं नाही ते इथे दिसलं. जागा वेगळी, वयोगट थोडा वेगळा, सगळा फरक फेऱ्यांचाच असं मी म्हणणार नाही, पण फेऱ्यांचा वाटा मोठा आहे हे माझं मत कुणी बदलू शकेल असं वाटत नाही.

पापानिकोलाऊ 1961 च्या शेवटी मायामीला गेला, तिथल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटची धुरा घ्यायला, वय 78, आणि तीनच महिन्यांत 19 फेब्रुवारी 1962 ला हार्ट अटॅकनं गेला. इन्स्टिट्यूटला त्याचं नाव दिलं. मेरी त्यानंतर वीस वर्षं जगली आणि त्या इन्स्टिट्यूटच्या कामात राहिली, 1982 ला वारली.

आता जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही टेस्टकडे बोट दाखवते, तिशीनंतर पाच ते दहा वर्षांनी एकदा केली तरी पुरते, त्यामुळे आमच्याकडची पॅपची कामं हळूहळू कमी होणार. होऊ देत. त्या टेस्टचं सॅम्पल बाई स्वतःचं स्वतः घेऊ शकते, घरी, कुणासमोर पाय वर न करता, आणि आमच्या मावशींसारख्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटते. खर्चाचं काय आणि पॉझिटिव्ह आलेलीला पुढे कुठे पाठवायचं हे प्रश्न उरतातच, त्यावर कुणी आपल्या जिल्ह्यातला अनुभव लिहिला तर मला वाचायचाय.